गच्चीवरचा सांबार, पुदिना आणि गोडनिंब: उन्हाळ्यासाठी काय साठवायचं, काय नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या बेसा भागात नवीन घर, गच्चीवर कुंड्यांमध्ये सांबार (म्हणजे कोथिंबीर), पुदिना, मेथी, गोडनिंब (म्हणजे कढीपत्ता), गवती चहा, तुळस, पानओवा आणि मुलीने हौसेने लावलेली बेसिल. आत्ता जानेवारीत शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटूनही उरतंय, आणि एप्रिल-मेमध्ये कुंड्या करपल्या की पुन्हा जुडी विकत आणायची वेळ. फ्रिजमध्ये ठेवलेली कोथिंबीर पाच दिवसांत चिकट झाली, बेसिल दुसऱ्याच दिवशी काळी पडली, आणि गच्चीवर उन्हात वाळवलेल्या पुदिन्याला गवताचा वास येतो. म्हणून तुम्ही विचारलंय की सगळ्यांना चालेल आणि वर्षभर टिकेल अशी एखादी सोपी पद्धत सांगा.

सगळ्यांना चालेल अशी पद्धत माझ्याकडे नाही. मी घरून ऑर्डरप्रमाणे सांबारवडी, पातोड्या आणि कोरड्या चटण्या करून देते, आणि त्यातला बराचसा हिरवा माल माझ्याच गच्चीवरचा असतो. त्या अनुभवावरून सांगते, तुमची खरी अडचण वेगळी आहे. तुमचा उन्हात वाळवलेला पुदिना टिकला की! सडला नाही, बुरशी लागली नाही. त्यातला वास तेवढा गेला. आपल्याला टिकवायचा असतो वास, आणि तो प्रत्येक पानात वेगळ्या पद्धतीने असतो. कोथिंबिरीचा वास वाळताना उडून जातो, पुदिन्याचा बऱ्यापैकी राहतो, मेथीचा तर वाळल्यावर वाढतो. बेसिलला थंडी सोसत नाही, पुदिन्याला सोसते. ही सगळी मंडळी एकाच डब्यात आणि एकाच फ्रिजमध्ये कोंबली की कोणीतरी बिघडणारच.

दुसरी गोष्ट, यातल्या निम्म्या झाडांची पानं मे महिन्यासाठी साठवायची गरजच नाही. गोडनिंब थंडीत झोपतो, पानं पिवळी पडून गळतात, फेब्रुवारीच्या शेवटी नवी पालवी येते आणि रोज पाणी मिळालं तर ऐन उन्हाळ्यातही झाड हिरवं असतं. गवती चहा पावसाळ्यात माजतो, पण उन्हाळ्यातही पाण्यावर तग धरतो. तुळशीचंही तेच. उन्हाने खरोखर हातचे जातात ते सांबार, मेथी आणि काही अंशी पुदिना. म्हणजे आत्ता साठवणीची मेहनत या तिघांवर करायची. गोडनिंबाचा हंगाम उलटा आहे, तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये साठवायचा, डिसेंबर-जानेवारीसाठी.

काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकते. तुमचा फ्रिज किती वेळा उघडला जातो, फ्रीजरमध्ये जागा किती, पावसाळ्यात वीज किती वेळ जाते, गच्चीला सकाळचं ऊन मिळतं की दुपारचं, कूलर कुठे बसतो. मी जे दिवस सांगेन ते माझ्या घरातले. तुमच्याकडे थोडं कमी-जास्त होईल.

साठवण कापण्यापासून सुरू होते. बाजारातल्या जुडीवर दिवसभर पाणी मारलेलं असतं, ती मुळात ओली आणि शिळी होऊनच घरात येते. घरच्या कुंडीत कापायची वेळ आपल्या हातात असते. आदल्या दिवशी संध्याकाळी झाडावर फवारा मारून धूळ घालवा. जानेवारीत दव पडतं, त्यामुळे सकाळी ऊन येऊन दव उडेपर्यंत थांबा, आठ-साडेआठ वाजता कापा. मार्चपासून मात्र सातच्या आत कापायचं, कारण ऊन तापलं की पान मलूल पडतं आणि वासाचं तेल उडायला लागतं. कापल्यावर धुवायचं नाही. धुणं वापरायच्या वेळी. पानापानांत अडकलेलं पाणी हेच चिकट होण्याचं कारण असतं. तुमच्या कोथिंबिरीचं बहुतेक हेच झालं असणार: धुतली, निथळली असं वाटलं, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवली.

सांबार मुळासकट उपटू नका. बाहेरच्या काड्या मातीपासून दोन बोटं वर कापा, मधला कोंब राहू द्या. एकाच कुंडीतून दोन-तीन कापण्या निघतात. फ्रिजसाठी मी स्टीलचा डबा वापरते. तळाला जुन्या पंचाचा मऊ तुकडा, त्यावर निवडलेल्या काड्या, वर पुन्हा कापड. पिवळं किंवा चिरडलेलं एकही पान आत जाऊ द्यायचं नाही, कारण सडायला तिथूनच सुरुवात होते. डबा ठासून भरायचा नाही. चार दिवसांनी कापड हाताला ओलसर लागलं तर बदलायचं. अशी ठेवलेली घरची कोथिंबीर दोन आठवडे सहज जाते. आणखी एक: त्याच कप्प्यात पिकलेले टोमॅटो, सफरचंद ठेवू नका. पिकणारी फळं जो वायू सोडतात त्याने कोथिंबीर आणि पुदिना लवकर पिवळे पडतात.

दोन आठवड्यांच्या पुढे जायचं असेल तर कोथिंबिरीला फ्रीजरच. वाळवायच्या भानगडीत पडू नका. हिरवा रंग राहील, बाटली सुंदर दिसेल, आणि भाजीत टाकल्यावर काहीही कळणार नाही.

फ्रीजरमध्ये पानातल्या पाण्याचा बर्फ होतो, बर्फाने पेशी फाटतात, आणि बाहेर काढून ठेवलं की पान लिबलिबीत होतं. वास बराचसा शाबूत असतो, अंग गेलेलं असतं. म्हणजे जिथे अंग लागत नाही अशाच ठिकाणी ती वापरायची. मी दोन प्रकारे ठेवते. एक, बारीक चिरून पिशवीत चपटा पातळ थर, हवा दाबून काढून. लागेल तेवढा तुकडा मोडायचा आणि उकळत्या वरणात किंवा रश्श्यात शेवटी थेट टाकायचा, आधी बाहेर काढून ठेवायचा नाही. दुसरा प्रकार वाटणाचा, आणि उन्हाळ्यात खरा उपयोग याचाच. कोवळ्या काड्यांसकट कोथिंबीर, आलं, हिरवी मिरची, जिरं, मीठ, आणि पाण्याऐवजी दोन-तीन बर्फाचे खडे. मिक्सर तापला की वाटण मळकट होतं, बर्फाने हिरवं राहतं. लिंबू आत्ता पिळायचं नाही, आंबटाने काही दिवसांत रंग शेवाळी होतो. शेंगदाणे किंवा खोबरंही नको, त्याचा खवट वास सगळ्या वाटणाला लागतो. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून तुकडे लगेच पिशवीत काढायचे, उघड्या ट्रेत राहिले तर मागच्या आठवड्यातल्या आइस्क्रीमचाही वास घेतात. फेब्रुवारीत केलेले तुकडे एप्रिलभर उत्तम असतात, मे संपत आला की थोडे फिके पडतात.

मे महिन्यात मठ्ठा करायचा असतो तेव्हा या तुकड्यांची किंमत कळते. ताक घुसळून त्यात दोन तुकडे टाकायचे, विरघळू द्यायचे, चव बघून मीठ-साखर. मठ्ठ्यात कोथिंबिरीचं पान टवटवीत असावं असा काही नियम नाही, वास आणि तिखटपणा पोचला की झालं.

सांबारवडीचं मात्र उलट आहे. ती फ्रीजरच्या कोथिंबिरीची होत नाही, आणि फ्रिजमध्ये दहा दिवस राहिलेल्या कोथिंबिरीचीही मनासारखी होत नाही. तुम्ही नागपुरात नव्याने राहायला आला असाल तर हे सविस्तर सांगते, कारण आत्ताच्या तुमच्या भरपूर पिकाचा याहून चांगला उपयोग नाही. कोथिंबीर कोवळी, काड्या जवळजवळ नकोतच. आदल्या दिवशी कापून धुवायची, निथळायची, आणि सुती कापडावर पंख्याखाली पसरून ठेवायची, मधून हलवायची. मूठभर घेऊन हलकं दाबायचं आणि सोडायचं: पानं पुन्हा उघडली पाहिजेत आणि तळहात कोरडा राहिला पाहिजे. तळहाताला गार ओल जाणवली तर अजून पसरून ठेवायची. मग धारेच्या सुरीने, एकदाच चिरायची. बोथट सुरीने पुन्हा पुन्हा चिरलं की पान ठेचलं जातं आणि पाणी सुटतं. सारणात भाजलेली खसखस, किसून भाजलेलं सुकं खोबरं, चारोळी, थोड्या तेलावर परतलेली हिरवी मिरची-लसूण. कोथिंबीर शिजवायची नाही, मसाला गार झाल्यावर त्यात मिसळायची. मीठ सगळ्यात शेवटी, पारी लाटून तयार झाल्यावर, कारण मीठ लागलं की दहा मिनिटांत पानं रडायला लागतात. बेसन-मैद्याच्या पारीला आतून तेल, चिंचेचा घट्ट कोळ आणि काळा मसाला यांचा हात फिरवायचा, सारण भरायचं, घडी घालून कडा दाबायच्या आणि मंद आचेवर तळायच्या. सारण ओलं असेल तर पारी आतून भिजते, तळणीत तोंड उघडते आणि कोथिंबीर तेलात उडते. वडी फुटली की पीठ चुकलं असं बहुतेक जण म्हणतात. माझ्या मते दहातल्या आठ वेळा कोथिंबीर ओली असते. सोबत कढी हवीच.

आता पुदिना. हा वाळवता येतो आणि चांगला वाळतो. चूक फक्त उन्हाची झाली. पापड, कुरडया, सरगुंडे, मुगवड्या आपण गच्चीवरच्या उन्हात घालतो, म्हणून पानंही तिथेच नेली जातात. पण थेट उन्हात पानाचा हिरवा रंग उडतो आणि पानाच्या पाठीवरचं वासाचं तेल हवेत जातं. पानांना सावली, वारा आणि कोरडी हवा लागते. नागपूरची गंमत अशी की मार्च-एप्रिलमध्ये घरातल्या सावलीतच ३५ ते ४० अंश तापमान आणि अगदी कोरडी हवा असते. पानं वाळवायच्या यंत्रात लोक पैसे मोजून जवळपास तेवढंच तापमान ठेवतात. त्यामुळे जानेवारीत घाई करू नका. आत्ता वाळवायला घेतलात तर पाच-सहा दिवस लागतील आणि तेवढ्यात पानं काळपट होतील. होळीच्या आसपास, ऊन तापायला लागल्यावर पण पुदिना अजून जोमात असताना, कळ्या दिसायच्या आधी, कापा. पानं खुडून चाळणीवर किंवा ताणून बांधलेल्या मलमलीवर एकाच थरात पसरा, म्हणजे खालूनही हवा लागेल. पंखा अगदी कमी. दोन दिवसांत होतात. पान चुरगाळल्यावर कुरकुर आवाज येऊन चुरा झाला पाहिजे आणि मधली शीर वाकण्याऐवजी तुटली पाहिजे. नुसतं पान कोरडं आणि शीर लवचिक असेल तर आत ओल आहे, बाटलीत ती बाहेर येते. शंभर ग्रॅम ताज्या पानांचे पंधरा ग्रॅमच्या आसपास भरतात, तेव्हा ढीगभर पुदिन्याची एवढीशी बाटली बघून नाराज होऊ नका.

ज्या खोलीत कूलर चालू असेल तिथे पानं वाळत घालू नका. कूलर हवेत पाणीच सोडत असतो. आमच्याकडे सामान ठेवायच्या वरच्या खोलीत वाळवण असतं, खालचा कूलर सुरू झाला की तिचं दार बंद. कूलरचा विषय निघालाच आहे तर, पुदिन्याची कुंडी कूलरच्या गळतीखाली ठेवायची पद्धत नागपुरात घरोघरी दिसते. सावली आणि ओल मिळते हे खरं, पण टाकीतलं पाणी उडत राहतं आणि क्षार मागे उरतात, दर आठवड्याला ते पाणी अधिक खारं होत जातं. पानांच्या कडा तपकिरी झाल्या की समजा तेच कारण. कूलरच्या बाजूच्या गारव्यात ठेवा, पाणी वेगळं साधं द्या. टाकीत सुगंधी द्रव टाकत असाल तर ते पाणी खाण्याच्या कुंडीत मुळीच नको.

वाळलेली पानं अख्खीच ठेवा, चुरा वापरताना करा. काचेच्या लहान लहान बाटल्या, गॅसपासून दूर, अंधाऱ्या कपाटात. एक मोठी बरणी भरू नका, कारण मृग लागल्यावर नागपूरची हवा एकदम बदलते आणि प्रत्येक वेळी झाकण उघडलं की ती आत शिरते. लहान बाटल्यांमुळे एकच उघडी राहते. भरल्यावर पहिल्या आठवड्यात रोज बघा: आतून काचेवर बाष्प दिसलं तर सगळं बाहेर काढून पुन्हा एक दिवस वाळवा. पावसाळ्यात नवीन काही वाळवायला घेऊ नका, फुकट जातं.

मेथी याच पद्धतीने वाळवा. बाजारातल्या कसुरी मेथीची जात वेगळी असते, त्यामुळे अगदी तो वास येणार नाही, पण घरची मेथी वाळून बऱ्यापैकी सुगंधी होते. पिठल्यात आणि पाटवडीच्या रश्श्यात छान लागते.

गोडनिंबाबद्दल. फ्रिजमध्ये ठेवायचा असेल तर डहाळीवरून पानं काढून, अगदी कोरडी, डब्यात कापडावर. दोन आठवडे जातात. त्याहून जास्त ठेवायचा तर फ्रीजर, आणि तो वाळवण्यापेक्षा कितीतरी बरा. वाळलेल्या गोडनिंबात वास फार थोडा उरतो. फ्रीजरमधली पानं थेट गरम तेलात टाका, पण हात लांब ठेवून आणि झाकण तयार ठेवून, कारण पानावरच्या बर्फाने फोडणी उडते. लहान मूल ओट्याजवळ असेल तर आधी बाजूला करा.

जास्तच निघाला तर जवसाच्या चटणीत घालवा. जवस कोरडे भाजायचे, ते तडतडून फुगले की उतरवायचे. त्याच कढईत अगदी मंद आचेवर गोडनिंबाची पानं कुरकुरीत होईपर्यंत. घाई केली की पान बाहेरून करपतं, आत नरम राहतं आणि चटणी दुसऱ्या आठवड्यात मऊ पडते. लसूण, सुकी लाल मिरची, जिरं, मीठ घालून जाडसर कुटायची. जवसाचं तेल लवकर खवट होतं, म्हणून तीन-चार आठवडे पुरेल एवढीच करा. मी उन्हाळ्यात ऑर्डरसाठीही जास्त करून ठेवत नाही.

एक इशारा देते. इंटरनेटवर हल्ली ताजी पानं किंवा लसूण तेलात बुडवून बाटली ओट्यावर ठेवण्याचे व्हिडिओ फिरतात. दिसायला देखणं असतं, पण तसं करू नका. तेलाखाली हवा पोचत नाही, पानात आणि लसणीत ओल असते, आंबटपणा नसतो, आणि अशा जागी विषार तयार करणारे जिवाणू वाढू शकतात. वास आणि रंग बदलेलच असं नाही, त्यामुळे कळतही नाही. आपल्या लोणच्याला मीठ आणि आंबट भरपूर असतं, म्हणून ते वेगळं. तेलातच ठेवायचं असेल तर तेलात वाटून फ्रीजरमध्ये तुकडे करून ठेवा, किंवा फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा.

बाकीची मंडळी पटकन. बेसिलला फ्रिजची थंडी सोसत नाही, १०-१२ अंशांच्या खाली पान काळं पडतं. दोष तुमच्या ठेवण्याचा नव्हता. काड्या पाण्याच्या पेल्यात घालून ओट्यावर ठेवा, पाणी रोज बदला, आठवडाभर राहते आणि कधीकधी मुळंही फुटतात, ती पुन्हा लावता येते. आपल्याकडे जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्याही खाली उतरतो, तेव्हा कुंडीसुद्धा रात्री आत घ्या. जास्त निघाली तर तेलात वाटून गोठवा. तुळस सावलीत वाळवली की वास चांगला टिकतो, पण मंजिऱ्या वेळेवर खुडत राहिलात तर वाळवायची वेळच येणार नाही. काढा किती आणि कोणी घ्यावा हे मी सांगणार नाही, ते वैद्यांना विचारा. गवती चहाची पाती वितीएवढी कापून फ्रीजरमध्ये ठेवली की वास वाळवलेल्यापेक्षा ताजा राहतो. पानओवा साठवूच नका. जाड रसाळ पान वाळता वाळत नाही आणि फ्रिजमध्ये काळवंडतं. झाडावरून तोडा, बेसनात बुडवा, भजी तळा.

साठवलेलं पान वाया जाण्याचं अर्धं कारण चुकीच्या वेळी घालणं हे असतं, म्हणून तेही लिहिते. गोडनिंबाचा वास तेलात उतरतो, त्यामुळे त्याची जागा फोडणीत: मोहरी तडतडली, हिंग पडला की पानं टाकायची आणि त्यांची तडतड थांबली की लगेच पुढचा जिन्नस घालायचा. वरणावर नुसतं पान टाकून उकळलं तर निम्मा वास पानातच राहतो. कोथिंबिरीच्या काड्यांत पानांइतकाच वास असतो आणि त्या उष्णता जास्त सोसतात, म्हणून काड्या कांद्या-मसाल्याच्या वाटणात आणि पानं गॅस बंद केल्यावर. सावजी रश्श्यासारख्या जळजळीत, खड्या मसाल्यांच्या पदार्थात साठवलेली कोथिंबीर खर्च करू नका, तिथे ती कळतच नाही. वरून ताजी चिमूटभर असेल तर ठीक. वाळलेला पुदिना ताज्याच्या एक तृतीयांश घ्यायचा, तळहातावर चोळून, आणि ताकात किंवा रायत्यात दहा मिनिटं मुरू द्यायचा. वर भुरभुरवून लगेच खाल्ला तर तोंडाला चुरा लागतो. कैरीच्या पन्ह्यात मात्र वाळलेला नको, त्याला फ्रीजरमधला वाटलेला पुदिना घ्या. गवती चहा पाणी गार असतानाच टाकून उकळायचा, तुळस गॅस बंद करून झाकणाखाली.

तर आत्ता तुमच्या हातात एवढंच आहे: सांबाराची वडी आणि फ्रीजरचे तुकडे, पुदिना होळीपर्यंत झाडावर आणि मग सावलीत, मेथीही त्याच वेळी, गोडनिंबाला तूर्त हात लावू नका.

साठवणीचा भार कमी करायचा असेल तर पेरणी टप्प्याटप्प्याने करा. सगळ्या कुंड्या एकदम पेरल्या की सगळ्या एकदम तयार होतात. धणे हलके रगडून दोन भाग करून, दर पंधरवड्याला एक कुंडी, ऑक्टोबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. थंडीत पेरणीपासून चाळीस-पंचेचाळीस दिवसांत कापणीला येते. शेवटच्या दोन कुंड्या हिरव्या जाळीखाली, सकाळचंच ऊन मिळेल अशा ठिकाणी ठेवल्या तर मार्चअखेरपर्यंत ओढतात. एप्रिलमध्ये उगवण कमी होते, तरी पसरट ट्रेमध्ये दाट पेरून बोटभर उंचीची कोवळी रोपंच कापून वापरता येतात. ताटावर भुरभुरवायला तेवढी पुरतात.

फेब्रुवारीत एखाद्या कुंडीला तुरे येतील, पानं बारीक झिरमिळ्यांसारखी होतील आणि वास उग्र होईल. ती कुंडी लगेच उपटू नका. हिरवे धणे धरू द्या. ते ओले असताना ठेचून वरणाच्या फोडणीत किंवा टोमॅटोच्या चटणीत घातले तर त्यांच्यात पान आणि धणे दोन्हींचा वास येतो, आणि तेही तसेच गोठवता येतात. उरलेले झाडावर पिकू द्या, बियाण्याला होतील.

पुदिन्याच्या जागेबद्दल अजून नेमकं सांगता येईल, पण त्यासाठी तुमच्या गच्चीची भिंत कोणत्या दिशेला आहे, दुपारी तिची सावली कुठपर्यंत येते आणि कूलर कोणत्या खिडकीत बसवता ते कळवा. आणि उन्हात वाळवलेला तो पुदिना फेकू नका, चहाच्या पाण्यात चालणार नाही, पण पराठ्याच्या कणकेत तिखट-ओव्यासोबत खपून जातो.